प्रकरण ७ : आम्हाला आवडला, मग पेपरात नावं का ठेवली?

२०२० च्या जानेवारीतली गोष्ट. ‘तान्हाजी’ नुकताच लागला होता. पोलादपूरकडून एसटीने महाडला शिकायला येणारा एक मुलगा पेपराची घडी घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ त्याच्याच तालुक्यातलं. “बाई, आम्ही शिट्ट्या मारल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि हे म्हणतात सिनेमा भडक आहे. यांना कळत नाही की आम्हाला?”

हा प्रश्न मला वर्षातून चार वेळा तरी विचारला जातो. कधी उलट बाजूनेही येतो. “पेपरात एवढं कौतुक होतं म्हणून गेलो, मध्यंतरातच उठून आलो.” प्रश्न साधा वाटतो, पण तो नीट सोडवायला दोन सिनेमांची मदत घ्यावी लागेल. एक स्पेनमधला, दुसरा आपल्या अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आयुष्यावरचा. दोन्हींत प्रेम आहे आणि दोन्हींत सिनेमा बनवणारी माणसं आहेत.

१. एकच पोतं, तीन काटे

महाडच्या बाजारात तांदळाचं पोतं येतं. व्यापारी ते काट्यावर टाकतो आणि किलोचा आकडा सांगतो. कृषी प्रदर्शनातला परीक्षक मूठभर दाणे तळहातावर घेऊन लांबी, रंग आणि तुकडा बघतो. घरची बाई मात्र तांदूळ हातात धरून विचारते, “नवा की जुना? पेज चांगली होईल का?” तिघंही त्याच पोत्याबद्दल बोलत असतात आणि तिघांची उत्तरं वेगळी येतात. कोणी खोटं बोललेलं नसतं.

सिनेमाचंही असंच. तिकीटबारीवरचा गल्ला हा व्यापाऱ्याचा काटा. पुरस्कार हा परीक्षकाचा तळहात. समीक्षा मात्र पेजेच्या प्रश्नाजवळची आहे. सिनेमा आत जाऊन काय करतो, कसा शिजतो, खाल्ल्यावर किती वेळ पोटात राहतो, हे ती सांगू पाहते. समीक्षकाने दिलेले तारे पाहून आपण त्याला व्यापारी समजतो. तारे हे समीक्षेचं सगळ्यात कमी महत्त्वाचं अंग आहे. पेपर वाचताना ते झाकून ठेवावेत आणि खालचा मजकूर वाचावा. त्या मुलालाही मी तेच सांगितलं.

२. ‘असं घडलंच नव्हतं’

त्याच्या रागाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. उमरठच्या तालुक्यातला माणूस तानाजीवरचा सिनेमा बघतो तेव्हा तो आधी खरेपणा तपासतो. गाव, बोली, पोवाड्यातून ऐकलेला प्रसंग आपल्या आठवणीशी जुळतो का, हे बघतो. समीक्षकाचा प्रश्न असतो की पडद्यावरची गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहते का. आणि हे प्रश्न आजचे नाहीत. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, त्यात तरुण व्ही. शांतारामांनी शेलारमामा केला होता. तेव्हापासून तानाजी पडद्यावर येतो आहे आणि दर वेळी कोणीतरी विचारतो आहे, हे असंच घडलं का?

खरेपणाची फूटपट्टी टाकाऊ नाही. पण ती कुठे लावायची, हे ठरवावं लागतं. खरोखर जगलेल्या, जवळच्या काळातल्या बाईवर सिनेमा निघतो तेव्हा या फूटपट्टीचं वजन फार वाढतं. तिकडे आपण शेवटी येऊ.

३. मेलोड्रामा म्हणजे रडारड?

समीक्षेत हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, म्हणून आधी त्याचा अर्थ बघू. ग्रीक भाषेत ‘मेलॉस’ म्हणजे गाणं. गाण्याच्या, संगीताच्या आधाराने चालणारं नाटक म्हणजे मेलोड्रामा. ‘संगीत सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आल्यापासून आपल्या आज्या-पणज्या गाण्यातूनच नाटक समजून घेत आल्या. तेव्हा हा प्रकार आपल्याला परका नाही.

यातली मुख्य युक्ती अशी की मनात दडलेली गोष्ट बाहेरच्या वस्तूत आणून ठेवायची. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये सुधाकराचा सगळा ऱ्हास एका प्याल्यात मावतो. आपण प्याल्याकडे बघतो आणि संसार मोडताना दिसतो. मेलोड्रामात रंग, जिना, दार, फोटो, साडी या सगळ्यांना तोंड फुटतं. १९९१ चा ‘माहेरची साडी’ आठवा. तिथे तर नावातच वस्तू आहे. जाणकारांनी त्याला नाकं मुरडली आणि बायकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. मला त्या बायकांचं रडणं कधीच क्षुल्लक वाटलं नाही. घरात ज्याच्याबद्दल बोलायची सोय नव्हती, त्याबद्दल काळोखात बसून त्या एकत्र रडत होत्या.

आता फरक करता येईल. भावना मोठी असणं हा दोष नाही. भावना मोठी आहे आणि तिला धरणारी वस्तू किंवा प्रसंग पोकळ आहे, तेव्हा समीक्षक ‘भडक’ म्हणतो. नापसंती वाचताना विचारावं, यांना भावना खुपली की ती मांडण्याची रीत?

४. मिटलेल्या डोळ्यांचा अल्बम

स्पेनचा दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवार हा मेलोड्रामाचा उघड चाहता. त्याचा ‘लोस आब्रासोस रोतोस’, म्हणजे ‘तुटलेल्या मिठ्या’, २००९ मध्ये आला. गोष्ट थोडक्यात अशी. मातेओ ब्लांको हा सिनेदिग्दर्शक अपघातात आंधळा झाला आहे आणि आता हॅरी केन या नावाने पटकथा लिहून जगतो. चौदा वर्षांपूर्वी लेना नावाची बाई त्याच्या सिनेमाची नायिका झाली. ही भूमिका पेनेलोपे क्रूझने केली आहे. लेना एका धनाढ्य उद्योगपतीसोबत राहत होती. तिच्यावर नजर राहावी म्हणून तोच या सिनेमाचा निर्माता झाला. लेना आणि मातेओ प्रेमात पडले आणि लान्सारोते बेटावर पळून गेले. तिथे गाडीला अपघात झाला, लेना गेली आणि मातेओचे डोळे गेले.

पुढचं समजायला ‘टेक’ म्हणजे काय ते कळायला हवं. लग्नात फोटोवाला हार घालण्याचा प्रसंग तीन-चारदा टिपतो. एकात नवरीचे डोळे मिटलेले असतात, एकात मामाचा हात आडवा येतो, एक नेमका साधतो. अल्बममध्ये आपण साधलेला लावतो. सिनेमातही एकच दृश्य पुन्हा पुन्हा चित्रित करतात. त्या प्रत्येक खेपेला टेक म्हणतात आणि त्यांतून निवडून जोडण्याच्या कामाला संकलन. आता कल्पना करा, सूड म्हणून कोणी तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मुद्दाम मिटलेल्या डोळ्यांचेच फोटो चिकटवले. पाहुणे म्हणतील, काय वेंधळी नवरी!

तो निर्माता हेच करतो. दिग्दर्शक पळून गेल्यावर तो प्रत्येक दृश्यातला सगळ्यात वाईट टेक निवडून सिनेमा जोडतो आणि प्रदर्शित करतो. समीक्षक त्याच्या चिंध्या करतात. चूक त्यांचीही नाही, कारण पडद्यावर खरोखरच वाईट सिनेमा होता. खूप वर्षांनी आंधळा मातेओ मूळ टेक मिळवून, कानांनी ऐकत तोच सिनेमा पुन्हा जोडायला बसतो.

समीक्षेबद्दल इतकी नेमकी गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेली नाही. आपल्यासमोर येतो तो कोणीतरी निवडून जोडलेला सिनेमा. तेच चेहरे आणि तेच संवाद राहतात, निवडणारा हात बदलला की अर्थ बदलतो.

५. त्याच सिनेमाचं काय झालं

‘तुटलेल्या मिठ्या’ २००९ च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. त्याला तिथे पुरस्कार मिळाला नाही. ‘एल पाईस’ या स्पेनच्या मोठ्या दैनिकाचा समीक्षक कार्लोस बोयेरो याने त्यावर कठोर लिहिलं. आल्मोदोवारने त्याला आणि त्या दैनिकालाही जाहीर लेखी उत्तर दिलं. भांडण बरंच गाजलं. तिकडे अमेरिकेत रॉजर ईबर्टने याच सिनेमाला चारपैकी चार तारे दिले.

दोन जाणती माणसं इतकी लांब कशी गेली? नापसंतीचा सूर साधारण असा होता की दिग्दर्शक स्वतःच्याच जुन्या सिनेमांत गुंतून पडला आहे. ते खरंही आहे, कारण यातला आतला सिनेमा त्याच्याच १९८८ च्या गाजलेल्या विनोदी सिनेमाची आठवण करून देतो. ज्यांना आवडला त्यांना नेमकं हेच आवडलं, की सिनेमावर प्रेम करणारा माणूस सिनेमातूनच बोलतो आहे. एकाला कारल्याचा कडूपणा नको असतो, दुसरा त्यासाठीच कारलं आणतो. समीक्षकाने कडू म्हटलं की तो कडूपणाची तक्रार करतोय की वर्णन, हे वाचणाऱ्याने बघायचं असतं.

माझं मत विचाराल तर दोघा प्रेमिकांचं दुःख मला त्यात थोडं काचेपलीकडचं वाटलं. पण एक जागा विसरता येत नाही. लेना आणि मातेओ टीव्हीवर रोसेलिनीचा जुना इटालियन सिनेमा बघत असतात. त्यात पाँपेईच्या राखेतून खणून काढलेलं एक जोडपं दिसतं, ज्वालामुखीने एकत्र गाठलेलं. लेना ते बघून मातेओला बिलगते. महाड तालुक्यातल्या तळिये गावी, २०२१ च्या जुलैत, दरडीखालून माणसं काढताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे दृश्य काय करेल ते माद्रिदच्या समीक्षकाला कळायचं नाही. बघणाऱ्याचं गावही सिनेमात बसलेलं असतं.

काळाचंही तसंच. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’, तोही एका सिनेदिग्दर्शकाच्या प्रेमाचीच गोष्ट, १९५९ मध्ये साफ पडला. त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून पुन्हा स्वतःचं नाव लावलं नाही. आज तोच सिनेमा अभ्यासाला लावतात. सिनेमाची फीत तीच राहिली. बघणाऱ्यांच्या दोन पिढ्या बदलल्या.

६. हंसाबाई, उषा आणि जत्रेला जायची बंदी

आता आपल्या घरची गोष्ट.

रतन साळगावकर १९२३ मध्ये जन्मली. घरातल्या पैशाच्या ओढगस्तीने तिला लहानपणीच सिनेमात ढकललं. १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’पासून ती हंसा वाडकर झाली. पुढे ‘संत सखू’, ‘रामशास्त्री’, ‘लोकशाहीर रामजोशी’. अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. त्याच नावाने त्यांचं आत्मकथन आलं. त्या बोलत गेल्या आणि अरुण साधूंनी शब्द दिले. आधी ‘माणूस’ या नियतकालिकात आलं, १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने पुस्तक काढलं. दारू, नवऱ्याशी झालेली ओढाताण, दुसऱ्या पुरुषांकडे जाणं, त्यांच्याकडूनही मिळालेली कैद, सगळं त्या बैठकीत बसून सांगावं तसं सांगतात. कुठे दयेची याचना नाही. १९७१ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

माझी प्रत २०२१ च्या पुरात दोन दिवस सावित्री नदीच्या पाण्यात होती. पानं सुटी करून गच्चीवर एकेक वाळवली. आता प्रत्येक पानाच्या खालच्या कडेला दोन बोटं उंचीची मातकट रेघ आहे, आणि पान उलटलं की बारीक गाळ बोटाला लागतो.

श्याम बेनेगलांनी या आत्मकथनावरून १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. हिंदीत. नायिकेचं नाव बदलून उषा केलं, पडद्यावर ती उर्वशी. स्मिता पाटील तेव्हा बावीसच्या आत-बाहेर होती. नवरा केशव झाला अमोल पालेकर, सहनायक राजन अनंत नाग, दिग्दर्शक सुनील नसीरुद्दीन शाह आणि जमीनदार विनायक काळे अमरीश पुरी. कॅमेरा गोविंद निहलानींचा. आजचा काळ रंगीत आणि आठवणी बऱ्याचशा कृष्णधवल, त्यामुळे बघणाऱ्याला आपण कुठल्या वर्षात आहोत हे न सांगता कळतं. राष्ट्रीय पुरस्कारांत स्मिताला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि बेनेगल, गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांना पटकथेचा पुरस्कार मिळाला. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटही तोच ठरला. परीक्षकाच्या तळहातावर दाणा उत्तम निघाला.

समीक्षा म्हणजे काय, हे त्यातल्या एकाच प्रसंगावर करून बघू.

नवरा, राजन, सुनील, सगळ्यांपासून थकलेली उषा काळ्याच्या वाड्यावर राहायला येते. तिथे त्याची अंथरुणाला खिळलेली बायको आहे, आई आहे, लहान मुलगा आहे. उषा स्वयंपाकघर हातात घेते, मोठ्या साध्या साड्या नेसते, तिला बरं वाटतं. एक दिवस ती मुलाला जत्रेला न्यायला निघते आणि तिला अडवलं जातं. या घरातल्या बायका बाहेर जात नाहीत, हा काळ्याचा नियम.

आता याकडे तीन तऱ्हांनी बघा. कथानकावर नजर ठेवणारा समीक्षक म्हणेल, सिनेमा इथे वळतो. सुरक्षितपणा शोधत आलेल्या बाईला भिंती दिसतात, आणि इथून सुटायला तिला ज्या नवऱ्याला सोडून आली त्याच्याकडेच निरोप धाडावा लागतो. गोष्टीची गाठ घट्ट बसते. अभिनय आणि मांडणी बघणारा म्हणेल, स्मिताच्या चालीकडे बघा. स्टुडिओत चटचट चालणारी ही बाई वाड्यात पावलं मोजून टाकते, आणि दारापाशी अडल्यावर क्षणभर तिची जुनी चाल परत येते. संवाद नसता तरी कळलं असतं. तिसरा समीक्षक, बहुधा ती बाईच असेल, उषाकडे न बघता खाटेवरच्या बायकोकडे बघेल. ती उषाला म्हणते त्याचा आशय असा, की खाटा आणि चुली बदलतात, पुरुषांचे मुखवटे बदलतात, पुरुष बदलत नाहीत. ही बाई सवतीचा मत्सर करत नाही, तिला ती नुसती वस्तुस्थिती सांगते. मग या समीक्षकाचा प्रश्न असा की हे वाक्य सिनेमा आपलं म्हणून घेतो, की एका आजारी बाईच्या तोंडी घालून पुढे जातो?

तिन्ही वाचनं टिकतात. तिसरं वाचल्यावर पहिल्या दोघांना नुसतं पूर्वीसारखं बघणं जमत नाही, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं. चांगल्या समीक्षेची माझ्यापुरती खूण हीच, की ती वाचून आल्यावर तोच प्रसंग पुन्हा बघावासा वाटतो.

७. जिचा अभिप्राय आला नाही

आणि आता खरेपणाची ती फूटपट्टी. ‘भूमिका’ मला फार आवडतो, तरी ‘सांगत्ये ऐका’ वाचून मग तो पाहिला की एक गोष्ट टोचते. पुस्तकात सांगणारी बाई सगळं घडून गेल्यावर, स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या क्रमाने सांगते. कुठे थांबायचं, कशाला फाटा द्यायचा, हे ती ठरवते. टेक तिचे, संकलनही तिचंच. सिनेमात उषावर गोष्टी येऊन आदळतात आणि आपण तिचा चेहरा बघत राहतो. तो चेहरा स्मिता पाटीलचा आहे, म्हणून बघवतोही. पण सांगण्याची सत्ता दुसऱ्या हातांत गेलेली असते. पटकथेचा पुरस्कार तिघा पुरुषांना मिळाला आणि त्यांनी तो कमावलाही होता. जिने हे आयुष्य आधी बोलून दाखवलं, ती सहा वर्षांपूर्वीच गेली होती. या सिनेमावर पुष्कळ लिहिलं गेलं, त्यात तिचा अभिप्राय नाही.

दोन वर्षांपूर्वी महाडमध्ये आम्ही तीस-पस्तीस जणांनी एका छोट्या सभागृहात ‘भूमिका’ पाहिला. निम्म्या बायका होत्या, काही पोलादपूरच्या बाजूच्या खेड्यांतून आलेल्या. जत्रेचा प्रसंग आला तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली. विरेश्वराच्या छबिन्याला, महाशिवरात्रीच्या दिवसांत, जायला मिळणं न मिळणं काय असतं हे त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती. शेवटी उषा हॉटेलच्या खोलीत एकटी राहते, राजनचा फोन येतो. दिवे लागले.

चर्चा ठेवली होती. पहिली दहा मिनिटं कॅमेरा, रंग, स्मिताचा अभिनय यांवर बोलणं झालं. मग साठीच्या पुढच्या एक मावशी उठल्या. नऊवारीचा पदर खोचलेला, हातात पिशवी, कारण शेवटच्या गाडीची वेळ होत आली होती.

“बाई, ही खरी व्हती ना? मग तिला ह्यो शिनेमा कसा वाटला?”

मी सांगितलं, तिने पाहिलाच नाही, त्याआधी वारली.

“मग तिनं सोताहून काय सांगितलंय का कुठं?”

मी बॅगेतून पुस्तक काढून दिलं. मावशींनी मधलंच एक पान उघडलं, खालच्या मातकट रेघेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “ही आपल्या पुराची का वो?” हो म्हटल्यावर त्यांनी ते पदराने पुसलं, पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, “नात वाचून दावंल. रोज थोडं थोडं.” मग त्या स्टँडकडे गेल्या.

पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे. निरोप आला होता, की निम्मं झालंय आणि नातीला सक्त ताकीद आहे, एक ओळ गाळायची नाही.